जमीन घ्यावी तर लाटांना खेटून

समुद्राकाठी जागा बघायला जायचं तर वेळ नीट साधा. वादळी हंगाम सरलेला असावा आणि ओहोटी पुरती लागलेली असावी. वादळात लाटा वाळू समुद्रात ओढून नेतात आणि शांत महिन्यांत ती थोडी थोडी परत आणून टाकतात. त्यामुळे तेव्हा पुळण कशी ऐसपैस दिसते! अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मात्र तिकडे फिरकू नका. सौदा मोडतो.

इतकी देखणी जागा आजवर मोकळी का राहिली, असलं काही विचारत बसू नका. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे अनेकदा आत, झाडांच्या आडोशाला घरं बांधतात. त्यांना ‘व्ह्यू’ची कदर नाही, दुसरं काय!

खरेदीखत झालं की आधी समोरचं वाळूचं टेकाड सपाट करा. त्यावरचं गवत वाळू धरून ठेवतं आणि वादळात पहिला मार ते टेकाड खातं, हे खरं. पण दिवाणखान्यातून समुद्र दिसायला नको?

मग बोअर मारा आणि हिरवळीला सढळ हाताने पाणी घाला. किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसून त्याची पातळी एक मीटर खाली नेलीत, तर खालचं खारं पाणी कालांतराने सुमारे 40 मीटर वर सरकू शकतं. तेवढंच घरबसल्या समुद्रस्नान. सळया साध्याच वापरा. खारी हवा काँक्रीटमधून त्यांच्यापर्यंत पोचली की गंज धरतो, फुगतो आणि स्लॅब आतून फोडतो.

समुद्र जवळ येऊ लागला की भक्कम भिंत घाला. भिंतीवर आपटून मागे फिरणारी लाट पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि भिंत संपते तिथे शेजाऱ्याची जमीन खचू लागते. मग तोही भिंत घालतो, त्याच्या पलीकडचाही घालतो. काही वर्षांत सगळ्यांकडे समुद्रकिनाऱ्यावरचं घर असतं, फक्त किनारा नसतो.

कुणीतरी शहाणा इंग्लंडमधल्या डनिचचा दाखला देईलच. मध्ययुगातलं ते भरभराटीचं बंदर 1286 पासूनच्या वादळांनी आणि धुपेने समुद्रात गेलं. जुनी गोष्ट म्हणून हसून सोडून द्या. त्याने पुढे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचं रोडॅन्थ काढलं, जिथे आणि आसपास 2020 पासून दहाहून अधिक घरं लाटांत कोसळली आहेत, तर चहा मागवा.

हद्दीच्या खुणांची फार काळजी करू नका. धुपून पाण्याखाली गेलेली जमीन बऱ्याच देशांत सरकारजमा होते, म्हणजे तेवढ्या भागाचं कुंपण वाचलं. कर्जाचे हप्ते मात्र बँक मूळ क्षेत्रफळावरच घेते. तिच्या कागदावर एक चौरस फूटही धुपत नाही.