कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरबद्दल थोडं

कोल्हापुरात कुणाचाही पेशंट कॅन्सरला ॲडमिट असू दे, भेटून आलेला माणूस एक वाक्य टाकणारच, "ट्रीटमेंट बरी हाय, पण सिस्टर लई तुसड्या." हे ऐकलं की माझं डोकंच फिरतंय, कारण माझ्या वहिनी त्यातल्याच एक (हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका).

ड्युटी जास्त पगार कमी, ते आहेच की. पण अपेंडिक्सचा पेशंट चार दिवसांत घरी जातो, विषय संपला. केमोचा पेशंट बऱ्याचदा दर २१ दिवसांनी परत येतो, कुणी गडहिंग्लजचं, कुणी निपाणीचं, कुणी घाट चढून कणकवलीचं, महिनोन्महिने हेच, मग सिस्टरला त्यांच्या म्हशीपासून पोरीच्या सोयरिकीपर्यंत सगळं ठाऊक होतंय, शीर सापडत नसली की त्याच गप्पा कामाला येतात. आणि केमोच्या एका फेरीला तो माणूस येतच नाही. नाहीतर येतो आणि तिथंच जातो. चादर बदलली, नवीन ॲडमिशन, ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला "बेड सात एक्स्पायर" एवढंच. रडायचं कधी?

असं साठत गेलं की आतली मायाच थकून जाते, याला कंपॅशन फटीग म्हणतात, १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी अमेरिकेतल्या इमर्जन्सीच्या नर्सेसबद्दल लिहिताना हे मांडलं. नुसत्या कामाच्या ओझ्यानं माणूस थकतो ते वेगळं, हे दुसऱ्याचं दुःख रोज अंगावर घेऊन होतं, म्हणजे जी जास्त जीव लावते तिलाच जास्त धोका! वहिनी परवा म्हणाल्या, "आता नवीन पेशंटचं नाव लक्षात ठेवतच न्हाई मी, बेड नंबर बरा." दादा म्हणतोय ही दगड झाली. मला तसं अजिबात वाटत नाही.

बॉस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले, त्यांच्या नावानं श्वार्ट्झ राउंड्स चालतात, डॉक्टर, नर्स, बाकी स्टाफ सगळे एकत्र बसून केसबद्दल आपल्या मनाला काय झालं ते बोलतात. मशीन नको, टेंडर नको. आपल्याकडं १२ मे ला, नर्स दिनाला, केक, गुलाब, फोटो आणि दुपारी परत एकीवर अख्खा वॉर्ड.

कॅन्सर वॉर्डातनं थोडे दिवस दुसरीकडं ड्युटी द्या म्हटलं की मॅनेजमेंट म्हणतंय केमोला ट्रेन्ड सिस्टर मिळत नाहीत. खरंय. मग आहेत त्या तरी सोडून जाऊ नयेत असं काहीतरी करा की, महिन्यातनं एक तास बसवा सगळ्यांना, आणि तो तास ड्युटीत धरा, सुट्टीदिवशी मीटिंग म्हणून बोलवलं तर आमच्या वहिनी काय येणार न्हाईत.