‘पॉश’ शब्द मुंबईच्या बोटीतून आलेला नाही

व्हॉट्सअ‍ॅपवरची ती पोस्ट आता माझ्या भाचीच्या शाळेतल्या भाषणात शिरली आहे, म्हणून हे लिहितोय. पोस्ट म्हणते, इंग्रज साहेब बोटीने मुंबईला यायचे तेव्हा बड्या लोकांना येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, म्हणजे सावलीतली केबिन मिळे: ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. पी अँड ओ ही जहाज कंपनी त्यांच्या तिकिटांवर पी-ओ-एस-एच असा शिक्का मारी आणि त्यावरून ही मंडळी ‘पॉश’ झाली.

कुठे आहे तो शिक्का? असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. लोक बोटीवरची मेनूकार्डं जपतात, ट्रंकांवरची लेबलंसुद्धा लिलावात विकली जातात. मग इतक्या वर्षांच्या ये-जा करणाऱ्यांपैकी एकाच्याही घरातून असा कागद निघू नये? ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश ही व्युत्पत्ती पुराव्याअभावी मान्य करत नाही. आद्याक्षरांची ही गोष्ट छापील स्वरूपात दिसते ती थेट १९३५ साली, लंडनच्या एका साप्ताहिकाला आलेल्या पत्रात, आणि तिथे ती अमेरिकी जहाजवाल्यांची संज्ञा म्हणून दिली आहे. शब्द तर त्याआधीच रुळलेला होता. १८९०च्या एका बोलीकोशात ‘पॉश’ म्हणजे छानछोकीत राहणारा, ऐटबाज माणूस.

सावलीचं म्हणाल तर ते अर्धवट खरं आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि येमेनमधल्या एडन बंदराहून मुंबईला येणाऱ्या बोटीची डावी बाजू उत्तरेकडे असते, त्यामुळे तिकडे ऊन कमी. पण मेच्या मध्यातला शून्य सावलीचा, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवस उलटला की जुलैअखेरपर्यंत मुंबईत भरदुपारचा सूर्य उत्तरेला असतो, आणि एडन तर मुंबईच्याही दक्षिणेला. म्हणजे जूनमध्ये नेमकी ती महागडी केबिनच तापणार.

‘मुंबईने जगाला दिलेला शब्द’ या पोस्टच्या शेवटच्या ओळीला काहीच आधार नाही. भारताशी नातं जोडायचंच असेल तर शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेकडे बघा. रोमानीत ‘पाश’ किंवा ‘पॉश’ म्हणजे अर्धा. त्यावरून इंग्रजी चोरबोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धी पेनी, मग नुसता पैसा. हा पैशाचा ‘पॉश’ आणि तो ऐटबाज ‘पॉश’ एकच, हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण रोमानी आपल्याच भाषाकुळातली, आणि भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात तिचा ‘पाश’ संस्कृत ‘पार्श्व’खाली आहे, जिथे आपलं ‘पाशी’ही आहे.