किलर व्हेल बघायला जाताय? मग हमी देणारी बोट घेऊ नका

उन्हाळा लागला की सिअ‍ॅटलच्या मराठी ग्रुपवर हा प्रश्न येतोच: आई-बाबा भारतातून आलेत, किलर व्हेल हमखास दाखवणारी बोट कोणती? मी सॅन हुआन बेटांकडे वरचेवर जाते, म्हणून इथे सविस्तर लिहिते. बोटीने जरूर जा. पण "दिसले नाहीत तर पुन्हा फुकट नेऊ" असं सांगणाऱ्यांकडे जाऊ नका. हमी दिली की कॅप्टनवर दडपण येतं, आणि ते शेवटी त्या प्राण्यांच्या जिवावर बेततं.

इथल्या समुद्रात प्रामुख्याने ऑर्कांची, म्हणजे किलर व्हेलची, दोन घराणी दिसतात. दिसायला सारखी, पण खाणं वेगळं, आवाज वेगळे, आपसात सोयरीक नाही. बिग्ज ऑर्का सील आणि सी लायन खातात. त्यांचं बरं चाललंय, संख्या वाढतेय. दुसरे सदर्न रेसिडेंट. हे फक्त मासे खातात, त्यातही मुख्यतः चिनूक सामन. धरणं, बिघडलेल्या नद्या आणि मासेमारी यांमुळे चिनूक घटला. त्याआधी १९६० आणि ७०च्या दशकांत मत्स्यालयांसाठी यांची पिल्लं जाळी लावून पकडून नेली. १९७० मध्ये पेन कोव्ह या इथल्याच खाडीतून नेलेली टोकिटे नावाची मादी २०२३ मध्ये मायामीच्या टाकीतच मेली. आज हे रेसिडेंट पंचाहत्तरच्या आसपास उरलेत.

हे प्राणी गढूळ, अंधाऱ्या पाण्यात आवाजावर शिकार करतात. टिकटिक आवाज सोडायचा, माशावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्या दिशेने बुडी मारायची. त्यात बोटीचं इंजिन घरघरलं की प्रतिध्वनी बुडतो. शास्त्रज्ञांनी रबरी चूषकांनी त्यांच्या पाठीवर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं चिकटवून अभ्यास केला. बोट चारशे यार्डांच्या आत आली की माद्या बऱ्याचदा शिकार सोडून देतात, असं त्यात दिसलं. माद्याच! ज्यांना पोटातल्या पिल्लासाठी खायचं असतं त्याच. २००८ ते २०१४ या काळात तपासलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाया गेल्या होत्या. २०१८ मध्ये टाहलेक्वा नावाची मादी मेलेलं पिल्लू सतरा दिवस वाहत फिरली, तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

म्हणून जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टन राज्यात रेसिडेंटांपासून हजार यार्ड, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर दूर राहण्याचा कायदा लागू झाला. त्यावर आपल्याच लोकांची कुरकुर ऐकली: एवढे पैसे भरून काय ठिपके बघायचे? मला याचा मनापासून राग येतो. कोकणात डॉल्फिन दाखवताना एकाच कळपामागे चार-चार होड्या लागतात ते आपण पाहिलंय. ऑर्काही डॉल्फिनच्याच कुळातला. तिथे जे खटकलं ते इथे डॉलर मोजून कसं चालेल?

आणि पोटभर बघायचंच असेल तर बिग्ज आहेत. त्यांच्यासाठी इथली मर्यादा दोनशे यार्डांची आहे, आणि तेवढ्यावरून भरपूर दिसतं. गेल्या खेपेला आमच्या कॅप्टनने इंजिन बंद केलं आणि हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारा माइक, पाण्यात सोडला. स्पीकरवर काहीच नाही, नुसतं पाणी. सीलला ऐकू जातं, म्हणून बिग्ज शिकार करताना गप्प असतात. नराचा उभा पंख, माणसाच्या उंचीचा, वर यायचा, मागून फुस्सकन श्वास सुटायचा आणि पुन्हा सगळं सपाट. थोड्या वेळाने पाणी ढवळलं, आणि मग स्पीकरमधून किंचाळ्या, शिट्ट्या, कर्रकर्र, सगळं एकदम. शिकार झाली होती, आता बोलायला हरकत नव्हती. माझ्या शेजारच्या काकू रेलिंग घट्ट धरून उभ्या होत्या, फोन पर्समध्येच.

बुकिंग करताना एवढंच विचारा: रेसिडेंट दिसले तर तुम्ही काय करता? चांगला कॅप्टन पंखामागच्या राखाडी डागावरून प्राणी ओळखतो आणि रेसिडेंट असले तर बोट वळवतो. उत्तर देताना जो चाचरतो, त्याला पैसे देऊ नका.

रेसिडेंटच बघायचे असतील तर सॅन हुआन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाइम किल्न या उद्यानात जा. हॅरो सामुद्रधुनीच्या काठावर, दीपगृहाखालच्या खडकांवर बसायचं. कधीकधी ते अगदी काठालगत जातात, आणि तुमच्यामुळे त्यांच्या कानाला काही त्रास नाही. हल्ली उन्हाळ्यातही पूर्वीसारखे येत नाहीत, तेव्हा दिवसभराची तयारी ठेवा: डबा, जाड जॅकेट, दुर्बीण. आई-बाबांना बसायला घडीची खुर्ची न्या. आणि बेटावर नेणाऱ्या अनाकोर्टिसच्या फेरीबोटीचं गाडीसकट आरक्षण आधीच करा, शनिवार-रविवारी आयत्या वेळी जागा मिळणं कठीण.