दुर्गाबाई देशमुख ‘गव्हर्नरच्या पत्नी’ म्हणून मोठ्या झाल्या नाहीत

दुर्गाबाई देशमुखांविषयी एक मजकूर सध्या पुढे पाठवला जातो आहे. आशय असा: मुलींना हिंदी शिकवणाऱ्या एका साध्या शिक्षिकेचं लग्न रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्याशी झालं आणि त्यानंतर त्यांना घटना समिती, नियोजन आयोग, समाजकल्याण मंडळ अशी एकेक पदं मिळत गेली. मराठी मंडळी हे कौतुकाने पाठवतात, कारण चिंतामणराव आपले, महाडजवळच्या नाते गावचे. पण हे कौतुक एका बाईच्या कष्टांचा सातबारा नवऱ्याच्या नावावर चढवतं, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी ‘गव्हर्नरची पत्नी’. चिंतामणराव ऑगस्ट १९४३ ते जून १९४९ या काळात गव्हर्नर होते. या दोघांचं लग्न झालं २२ जानेवारी १९५३ला, नोंदणी पद्धतीने. साक्षीदारांत पंडित नेहरू होते. तोवर चिंतामणरावांना गव्हर्नरपद सोडून साडेतीन वर्षं झाली होती आणि ते देशाचे अर्थमंत्री होते.

घटना समितीचा दावा तर एका मिनिटात निकालात निघतो. दुर्गाबाई १९४६मध्ये मद्रास प्रांतातून तिथे गेल्या. समितीच्या चर्चांचे खंड उघडा, त्यांच्या भाषणांवर नाव छापलं आहे ‘श्रीमती जी. दुर्गाबाई’. देशमुख हे आडनाव तिथे असणारच कसं? अध्यक्षांच्या गैरहजेरीत कामकाज चालवणाऱ्यांच्या तालिकेवर त्या एकट्याच महिला होत्या. राज्यसभेसाठी किमान वय मसुद्यात ३५ होतं. ते ३०वर आणावं, हा आग्रह त्यांनी धरला आणि घटनेत ३०च आलं.

नियोजन आयोगाबद्दल लोक जास्त ठामपणे बोलतात, कारण अर्थमंत्री म्हणून चिंतामणरावही त्याच आयोगावर होते. क्रम मात्र उलटा आहे. १९५२च्या निवडणुकीत दुर्गाबाई हरल्या, त्यानंतर त्यांची आयोगावर नेमणूक झाली आणि लग्न त्याच्याही नंतर. हरलेल्या उमेदवाराला का घेतलं, असा आक्षेप कुणी जरूर घ्यावा. पण नवऱ्यामुळे घेतलं असं म्हणता येत नाही, तेव्हा हे लग्नच झालेलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘साधी शिक्षिका’ हा शब्दप्रयोग. आठव्या वर्षी लग्न लावून दिलेली ही मुलगी, जाणती झाल्यावर तिने ते नातं नाकारलं. बाराव्या वर्षी इंग्रजी माध्यमाच्या निषेधार्थ शाळा सोडली आणि पुढे मुलींसाठी स्वतःच हिंदी पाठशाळा काढली. १९२३च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनात, चौदा वर्षांची असताना, ती खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका होती. तिकीट नाही म्हणून तिने नेहरूंना अडवलं. आयोजकांनी तिकीट काढून दिलं, तेव्हाच आत सोडलं. मिठाच्या सत्याग्रहापासून १९३३पर्यंत तीनदा तुरुंगवास झाला. त्यानंतर पुन्हा पुस्तकं हातात घेतली: आंध्र विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम.ए., १९४२मध्ये मद्रास विद्यापीठाची कायद्याची पदवी, मग हायकोर्टात वकिली. मधेच, १९३७मध्ये, मद्रासला आंध्र महिला सभा उभी केली. तिथे तेलुगू मुलींना बनारस हिंदू विद्यापीठाच्या मॅट्रिकसाठी शिकवलं जाई. ज्यांची शाळा सुटली त्यांना पुन्हा अभ्यासाला बसवायचं, हे काम या बाईने आयुष्यभर सोडलं नाही.

आता जे खरं आहे तेही सांगते. केंद्रीय समाजकल्याण मंडळ ऑगस्ट १९५३मध्ये स्थापन झालं, म्हणजे लग्नानंतर, आणि पहिल्या अध्यक्ष दुर्गाबाईच होत्या. तारखेपुरता हा एकच मुद्दा मजकुराच्या बाजूने जातो. पण स्वयंसेवी संस्थांना सरकारी मदत देणाऱ्या या मंडळावर कुणाला नेमायचं? सोळा वर्षं अशी संस्था चालवलेली, नियोजन आयोगावर समाजकल्याणाचा विषय हाताळलेली व्यक्ती समोर असताना दुसरं नाव शोधायची गरजच काय होती?

शिवाय १९५६मध्ये चिंतामणरावांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नवऱ्याच्या खुर्चीवर चाललेलं काम असतं तर तिथेच थांबलं असतं. १९५८मध्ये दुर्गाबाई स्त्रीशिक्षणावरच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्ष झाल्या. त्याच सुमारास समाजकल्याण मंडळाने शाळा सुटलेल्या प्रौढ बायकांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. मद्रासच्या त्या मॅट्रिकच्या वर्गांचंच हे देशभरातलं रूप. कौटुंबिक न्यायालयांची कल्पनाही त्यांनी १९५३च्या चीनभेटीनंतर मांडली, मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांच्याशी तिच्यावर चर्चा केली. त्याचा कायदा झाला १९८४मध्ये, त्या गेल्यानंतर तीन वर्षांनी.

पद्मविभूषण मात्र नवरा-बायकोला एकाच वर्षी मिळालं, १९७५मध्ये. त्याची यादी काढून बघा, दोघांची नावं स्वतंत्र आहेत.