मोरी बुजली की खाजण मरते

ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या काठावर पंधरा मिनिटे उभे राहिले, तरी आपण ज्याला 'नुसता चिखल' म्हणतो तो हलताना दिसू लागतो. निवट्या उड्या मारत सरकतात, चिंबोऱ्या बिळांच्या तोंडाशी येतात आणि रोहित पक्षी मान खाली घालून, चोच चक्क उलटी धरून, पाण्यातले सूक्ष्म शैवाल गाळून खातात. या खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याचा आनंद आहेच, पण भरती आली की हा चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना टेकायला दुसरी उथळ जागा लागते, हे त्या आनंदात विसरले जाते. नेरूळ-सीवूड्सची तळी, भांडुपचे पाणवठे, उरणकडचे पांजे या त्या जागा, आणि त्या सगळ्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. जेवणघर राखायचे आणि ओसरी विकायची, असा हा व्यवहार आहे.

पाणथळ जागा म्हटले की आपल्याला राडारोडा टाकणारे डंपर आठवतात. मला मात्र त्याहून धोकादायक वाटतो तो प्रकार, ज्यात कोणी गुन्हा केल्याचे दिसतच नाही. कुठल्याशा बांधकामात भरतीचे पाणी आत आणणारी मोरी बुजते, किंवा गाळाने भरते आणि तशीच राहू दिली जाते. आमच्या घराजवळच्या तळ्याचे असेच झाले. आधी साचलेल्या पाण्यावर शेवाळाची साय धरली, पुढच्या उन्हाळ्यात तळ भेगाळला, मग पोरांनी तिथे स्टंप रोवले आणि शेवटी एका सद्गृहस्थांनी मला विचारले, "इथे तळे होते कधी?" तळे नाही म्हटल्यावर ती जमीन रिकामी ठरते आणि रिकाम्या जमिनीला या शहरात गिऱ्हाईक लगेच मिळते.

कायदाही इथे फारसा आधार देत नाही. 2017 च्या पाणथळ संवर्धन नियमांनी मिठागरे आपल्या व्याख्येतूनच वगळली आहेत. भरतीला मात्र ही व्याख्या ठाऊक नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि समुद्राला भरती असल्याने शहरातले पाणी बाहेर पडेना, तेव्हा मिठीच्या मुखाशी भराव घालून आपण पाण्याची पसरायची जागा आधीच घेऊन बसलो होतो. एवढा पाऊस कोणत्याही खाजणाने, म्हणजे भरतीचे पाणी शिरते अशा दलदलीच्या जमिनीने, पूर्ण झेलला असता असे मी म्हणत नाही. पण तिवरांमधून पसरणारे पाणी आणि काँक्रीटच्या भिंतींत कोंडलेले पाणी यांतला फरक कळायला अभियंता असावे लागत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पावसाळ्यापूर्वी नालेसफाईचा हिशोब जाहीर होतो, तसाच खाडीकाठच्या प्रत्येक मोरीचाही व्हावा : किती मोऱ्या आहेत, किती वाहत्या आहेत, आणि बुजलेल्या केव्हा उघडणार.