आंबोलीच्या माशाला नाव मिळालं, येऊरच्या ओढ्यांचं काय?

'सह्याद्रीत नव्या माशाचा शोध' अशी बातमी आली की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिमानाचा पूर येतो. येऊ दे. काम खरंच किचकट आहे. परांचे काटे मोजा, मणके मोजा, डीएनए तपासा, जुन्या नमुन्यांशी ताडून बघा, मग कुठे शोधनिबंध. फ्रान्सिस डे यांनी 1872 मध्ये पुण्याच्या एका बोटभर माशाला 'एव्हेझार्डी' नाव दिलं. त्याच्या गटातल्या आणखी दोन प्रजाती उत्तर सह्याद्रीतून नोंदवायला 2021 उजाडलं!

हे मासे वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोट्यांच्या आडोशाने राहतात. डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जाणं त्यांना शक्य नाही, त्यामुळे एखादी प्रजाती अख्ख्या जगात एकाच ओढ्यात असू शकते. तो ओढा गेला की संपलं.

आंबोलीत निदान वेळेवर शहाणपण सुचलं. 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा तिथला मासा नवी प्रजाती म्हणून 2020 मध्ये जाहीर झाला आणि 2021 मध्ये सरकारने तिथल्या देवळाच्या कुंडाचा परिसर जैवविविधता वारसा स्थळ केला. पण प्रत्येक ओढ्याने आधी नवा मासा काढून दाखवायचा आणि मग आपण त्याला वाचवायचं, हा कुठला न्याय?

आमच्या ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या डोंगरातून उतरणारे ओढे बघा. वर जंगलात नितळ. खाली वस्तीत शिरले की दोन्ही बाजूंना भिंती, तळाला काँक्रीट, वरून सांडपाणी. गोटेच उचलले तर मासा अंडी घालणार कुठे? मग त्या साचलेल्या पाण्यात डास होतात आणि डासांसाठी आपण गप्पी मासे सोडतो, थेट दक्षिण अमेरिकेचे. स्थानिक मासा हाकलून परका पोसायचा, तोही सरकारी खर्चाने.

कर्जत-मुरबाडकडची वलगण तर बोलायलाच नको. पहिल्या पावसात पोटात अंडी घेऊन मासे ओढ्यांतून भातखाचरांकडे चढतात. गावकरी पूर्वीपासून पकडत आलेत, चार घरच्या कालवणापुरते. त्याला माझी हरकत नाही. पण आता मच्छरदाणीच्या जाळ्या आडव्या लागतात, कुठे ब्लीचिंग पावडर, कुठे विजेचा करंट. यातून पिल्लूसुद्धा सुटत नाही. आणि हे बघायला, व्हिडिओ काढायला शहरातून गाड्या भरून जाणारे आपणच.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक महापालिकेत, ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या जीवजातींची नोंद, हवी. मत मागायला कोणी दारात आलं की नोंदवही दाखवा म्हणा. आपल्या वॉर्डातल्या ओढ्याचं पान उघडायला सांगा. त्यात मासे किती लिहिलेत, आणि नाल्याच्या 'सुशोभीकरणा'चं टेंडर काढण्याआधी ते पान कोणी वाचलं होतं का, तेही विचारा.