पेन्शनवाला मोगली

मोगली सगळ्यांना माहीत असतो, पण वाचलेला फार थोड्यांनी असतो. मीही त्यातलीच. दूरदर्शनवर पाहिलेला, सिनेमात पाहिलेला, लहानपणी चित्रांच्या पातळ पुस्तकात भेटलेला. किपलिंगचं मूळ 'जंगल बुक' (१८९४) हातात घेतलं ते आत्ता, चाळिशी उलटल्यावर, तेही लेकीला झोपताना वाचून दाखवायचं म्हणून.

पहिला धक्का अजगराचा. तो आला की लेक पांघरुणात शिरायची, कारण सिनेमातला अजगर पोराला गिळायला टपलेला. पुस्तकात तोच मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवायला धावतो. मग तो माकडांपुढे असा काही डोलायला लागतो की बालू आणि बघीरासुद्धा भारल्यासारखे पुढे सरकतात. मोगलीला मात्र काहीच होत नाही. त्याला दिसतो तो उगाच गोल गोल फिरणारा मोठा साप, भिंतीवर आपटून नाक सुजलेला! लेक इतकी हसली की झोप उडाली.

आणि बालू? गाणी म्हणणारा ऐदी अस्वल वगैरे काही नाही. चांगला मारकुटा मास्तर आहे. पोराच्या तोंडावर वळ उठलेत म्हणून बघीरा त्याला झापतो. पण त्यानं घोकून घेतलेलं 'तुझं-माझं रक्त एकच' हे प्रत्येक जातीच्या बोलीतलं वाक्यच मोगलीला वाचवतं. माकडं उचलून नेत असताना तो वरच्या घारीला हेच ओरडून सांगतो.

मला इतकी वर्षं वाटायचं, ही मोकळीकीची गोष्ट आहे. जंगल, ना शाळा ना कपडे. प्रत्यक्षात पानोपानी कायदा. मोगलीला कळपात घेतात तेसुद्धा बघीरानं मारलेल्या बैलाच्या बदल्यात, म्हणून त्यानं पुढे जन्मभर गाई-बैलांना हात लावायचा नाही. माणूस मारायचा नाही, कारण मारला तर मागोमाग हत्तींवर बसून बंदूकवाले गोरे येतात. हे कारण किती व्यवहारी आहे बघा.

कायदा नाही तो गावात. शेरखानाला म्हशींच्या पायाखाली तुडवून मारणाऱ्या पोराला गाव दगड मारतं. शिकारी बुलदेवचा डोळा वाघाच्या कातडीवर, म्हणजे १०० रुपयांच्या बक्षिसावर. दुसरा भाग (१८९५) मी एकटीच पुढे वाचून काढला. त्यात मोगलीला लेकरासारखं जवळ करणाऱ्या मेसुआला चेटकीण ठरवून जाळायला निघतात, आणि ती न्यायासाठी जाते कुणाकडे? तर इंग्रजांकडे. इथं मात्र मला किपलिंगचा राग आला. लांडग्यांना अब्रू आहे, हत्तींना अब्रू आहे, आपल्या गावकऱ्यांना तेवढी नाही. जन्म मुंबईचा, पण हे सगळं लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून, ही गोष्ट जिथं घडते ते मध्य प्रदेशातलं सिवनीचं जंगल स्वतः न पाहता. तरीही वैनगंगेच्या दरडीतल्या मधमाश्या रानकुत्र्यांवर तुटून पडतात ते वाचताना अंगावर काटा येतो, हेही खरं. (हो, तीच वैनगंगा, सिवनीत उगम पावून गोंदिया-भंडाऱ्याकडे येणारी. भूगोलात पाठ केली होती, पण मोगलीशी कधी जोडलीच नाही.)

आणि एक गंमत. मोगलीची छापून आलेली पहिली गोष्ट 'जंगल बुक'मध्ये नाहीच. ती १८९३ची आहे आणि त्यात मोगली मोठा झालाय. जंगल खात्याचा साहेब त्याला सरकारी वनरक्षक करतो. दर महिन्याला पगार, बायकापोरं झाल्यावर शेवटी पेन्शन! म्हणजे वाघाचं कातडं सोलणारा पोरगा अखेर साहेबाच्या रजिस्टरात. हे लेखकानं आधीच ठरवून टाकलं होतं, आणि मग मागे जाऊन त्याचं बालपण लिहिलं.

ती गोष्ट मी लेकीला वाचून दाखवलेली नाही. तिचा मोगली अजून तिसऱ्या गोष्टीत आहे, डोक्यावर शेरखानाचं कातडं घेऊन लांडग्यांच्या सभेच्या खडकाकडे निघालेला. राहू दे तिथंच थोडे दिवस.